न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया : मद्रास ते नांदेड-लातूर

१९५१ साली मद्रासमध्ये चार डॉक्टरांनी मिळून न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्या वर्षी नांदेड हैदराबाद राज्यात होते. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण होते. आडत बाजारासाठी नावाजलेले, दवाखान्यांसाठी नव्हे. निजामाची राजवट जाऊन जेमतेम तीन वर्षे होत होती. मराठवाड्यात एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. औरंगाबादचे निघाले ते १९५६ साली. झाडावरून पडून किंवा बैलगाडीखाली सापडून माणूस बेशुद्ध झाला, तर त्याला ओसरीवर निजवायचे आणि शुद्धीवर येण्याची वाट पाहायची, याखेरीज बहुतेक घरांच्या हाती काही नव्हते. ज्यांची ऐपत होती ते हैदराबादला उस्मानिया दवाखाना गाठत.

वैद्यकीय संस्थेचा इतिहास सुश्रुतापासून सुरू करण्याची स्मरणिकांमध्ये रीत आहे. मेंदूचा विषय असला की भोजराजाची कवटी उघडल्याची कथाही हटकून येते. ती वाट इथे मुद्दाम सोडली आहे. आपल्याकडच्या आधुनिक मेंदूशस्त्रक्रियेचा धागा फार जुना नाही. तो ज्यांनी विणला त्यांची नावे, गावे, सनावळी आपल्याला ठाऊक आहेत. २०२६ साली या सोसायटीच्या स्थापनेला पंचाहत्तर वर्षे होतात, आणि देशपातळीवरच्या अशा संस्थेचा नांदेडच्या किंवा लातूरच्या रुग्णाला काय उपयोग झाला, हा हिशेब मांडायला हे निमित्त पुरेसे आहे.

ते चौघे असे. डॉ. जेकब चँडी, डॉ. बी. राममूर्ती, डॉ. बलदेव सिंग आणि डॉ. एस. टी. नरसिंहन. चँडी केरळचे. बहारीनच्या मिशन दवाखान्यात काम केलेले, अमेरिकेत शिकलेले, आणि तिथून माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली तयार झालेले. १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला. देशातला पहिला रीतसर विभाग म्हणून त्याचीच नोंद होते. राममूर्ती त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शिकून ते १९५० मध्ये मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात रुजू झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘अपहिल ऑल द वे’. चढण कसली होती हे त्या काळाची कल्पना असल्याशिवाय कळत नाही. सर्वसाधारण शस्त्रक्रिया करणाऱ्या ज्येष्ठांना ही वेगळी शाखा हवीच कशाला, असा प्रश्न पडत असे. त्यांच्या शंकेला आधारही होता. कवटी उघडलेले रुग्ण मोठ्या संख्येने दगावत.

चौघांमधले उरलेले दोघे शल्यचिकित्सक नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बलदेव सिंग हे मज्जाविकारांचे फिजिशियन. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये न्यूरॉलॉजीची घडी त्यांनीच बसवली. नरसिंहन यांचा विषय ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख. शस्त्रक्रियेच्या संस्थेत यांचे काय काम? उत्तर त्या काळच्या निदानपद्धतीत आहे. सीटी स्कॅन यायला अजून वीस वर्षे होती. मेंदूत गाठ आहे हे ठरवायचे तर आधी रुग्णाला तपासायचे. कोणता हात लुळा, नजरेचा कोणता भाग गेला, बोलणे अडते की समजणे, डोळ्यांच्या पडद्यावर सूज आहे का. मग ईईजी. मग मानेतल्या रक्तवाहिनीत सुई खुपसून औषध सोडायचे आणि झटपट एक्स-रे काढायचे. किंवा कवटीला छिद्र पाडून मेंदूच्या पोकळीत हवा भरायची आणि ती हवा कुठे ढकलली गेली आहे ते पाहायचे. या तपासण्यांनीच रुग्ण अर्धमेला होई. अशा वेळी गाठ डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे, हे फिजिशियनने नेमके सांगितले नाही, तर सर्जनच्या हातातली सुरी आंधळी ठरे. म्हणून ही संस्था जन्मापासून दोघांची राहिली. चँडी पहिले अध्यक्ष झाले. संघटनेचे आणि नियतकालिकाचे बरेचसे ओझे राममूर्तींनी वाहिले.

मुंबईत याच सुमारास पाया घातला जात होता. बॉम्बे हॉस्पिटलात डॉ. राम गिंडे, केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर, जे. जे. समूहात डॉ. गजेंद्र सिंह ही पहिल्या पिढीची नावे. जे. जे.मध्येच डॉ. दाराब दस्तूर सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या क्षयरोगाचा अभ्यास करत बसलेले असत. त्यांनी शस्त्रक्रिया केल्या नाहीत. पण मेंदूतील क्षयाच्या गाठींबद्दल पुढच्या पिढ्यांना जे ज्ञान मिळाले त्यातले बरेच त्यांच्या प्रयोगशाळेतून आले. आपल्या देशात मेंदूतली गाठ म्हणजे कर्करोगच असे नाही, ती क्षयाचीही असू शकते, हे परदेशी पुस्तके ठासून सांगत नव्हती. तिकडे तो आजार मागे पडला होता. इथले ज्ञान इथेच तयार करावे लागणार, हे या मंडळींना लवकर उमगले.

आणि तयार झालेले ज्ञान एकमेकांना सांगायचे तर व्यासपीठ हवे. सोसायटीचे वार्षिक अधिवेशन हे ते व्यासपीठ. १९५३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ हे तिचे नियतकालिक सुरू झाले आणि आजही चालू आहे. काही काळ त्याचे संपादन केईएमच्या डॉ. अतुल गोयल यांनी केले. १९८० मध्ये राममूर्ती आणि एम्सचे डॉ. प्रकाश नारायण टंडन यांनी संपादित केलेला न्यूरोसर्जरीचा पाठ्यग्रंथ निघाला; तो काढला नॅशनल बुक ट्रस्टने. भारतीय रुग्णांच्या अनुभवावर उभा असलेला जाडजूड ग्रंथ परवडेल अशा किमतीत विद्यार्थ्याच्या हाती पडला. अधिवेशनाला जोडून होणारे शिक्षणवर्ग आणि त्यांतली व्याख्याने ‘प्रोग्रेस इन क्लिनिकल न्यूरोसायन्सेस’ या खंडांत छापली जाऊ लागली. १९८९ मध्ये न्यूरोसर्जन मंडळींच्या जागतिक महासंघाची परिषद नवी दिल्लीत भरली. चार माणसांनी सुरू केलेल्या संस्थेने अडतीस वर्षांत जगाला घरी बोलावले होते. तो समारंभाचा भाग झाला. आपल्याला कामाचा भाग पाहायचा आहे.

काम म्हणजे काय, याबद्दल लोकांत बराच गैरसमज आहे. ही सोसायटी डॉक्टरला परवाना देत नाही. ते वैद्यकीय परिषदेचे काम. ती पदवी देत नाही. ते विद्यापीठाचे किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे. ती कोणाची बदली नांदेडला करू शकत नाही, फी ठरवू शकत नाही, दवाखान्याला टाळे लावू शकत नाही. सभासदत्व ऐच्छिक आहे. तिच्याकडे आहे ते एकच: या शाखेतल्या माणसांनी एकमेकांचे काम पाहावे, चुका उघडपणे मांडाव्यात, आणि काय योग्य यावर एकमत करावे यासाठी दिलेली जागा. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण त्याचे परिणाम किती लांब पोचतात याची उदाहरणे नांदेड-लातूरच्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यात सापडतील.

फिटचे उदाहरण घेऊ. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला अचानक झटका येतो. फेफरे आले म्हणून कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल. शेवटी सीटी स्कॅन होतो आणि मेंदूत वाटाण्याएवढी, कडेने चमकणारी गोल खूण दिसते. स्कॅन यंत्रे देशात पसरू लागली तेव्हा अशी खूण दिसली की बहुतेक ठिकाणी क्षयाची गाठ म्हणून दीड वर्ष औषधे सुरू होत. काहींची कवटीही उघडली जाई. वेल्लोरमध्ये डॉ. वेदांतम राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चँडी यांच्या गटाने अशा रुग्णांचा पाठपुरावा केला, सुईने नमुने काढून तपासले, आणि दाखवून दिले की वीस मिलिमीटरपेक्षा लहान, एकच, आणि रुग्ण एरवी ठणठणीत असेल तर ही खूण बहुधा फीतकृमीच्या अळीची असते आणि बहुतेकांत ती आपोआप विरून जाते. फिटचे औषध द्यायचे, काही महिन्यांनी स्कॅन पुन्हा करायचा, आणि धीर धरायचा. १९९३ मध्ये त्यांचे निकष प्रसिद्ध झाले. अधिवेशनांत त्यांवर वाद झाले, वर्गांत ते शिकवले गेले, आणि हळूहळू जिल्ह्याच्या गावी बसलेल्या फिजिशियनपर्यंत पोचले. आज लातूरमध्ये एखाद्या लिंगायत घरातली आई, ‘आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही, मग ही अळी आली कुठून?’ असे विचारते. तेव्हा फीतकृमीची अंडी डुकराच्या मांसातून नव्हे, तर न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांतून पोटात जातात, हे तिला समजावून सांगणारा डॉक्टर भेटतो. कवटी न उघडलेल्या अशा मुलांची गणती कोणी ठेवत नाही. माझ्या मते सोसायटीची सर्वांत मोठी कमाई हीच आहे.

दुसरे उदाहरण डोक्यात पाणी होण्याचे. जन्मलेल्या बाळाचे डोके वाढत जाते, डोळे खाली झुकतात. मेंदूच्या पोकळीतून पोटापर्यंत बारीक नळी टाकून ते पाणी वळवावे लागते. परदेशी नळी गरीब कुटुंबाला परवडत नसे. लखनौचे डॉ. डी. के. छाब्रा यांनी देशी नळी विकसित केली. उत्तर प्रदेशातल्या शाहजहाँपूरला तिचे उत्पादन होते. अमेरिकी डॉक्टर बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातल्या मुलांवर दोन्ही नळ्यांची तुलना करून २००५ मध्ये निष्कर्ष छापले: सुमारे ३५ डॉलरची छाब्रा नळी आणि ६५० डॉलरची परदेशी नळी, परिणामांत फरक नाही. शाहजहाँपूरची नळी मराठवाड्यातल्या बाळाच्या डोक्यात विश्वासाने बसते, कारण ती कशी वागते हे देशभरातल्या सर्जननी एकमेकांना सांगितलेले असते.

तिसरे उदाहरण तर नांदेडच्या दाराशीच आहे. किनवट भागात आणि जिल्ह्यातल्या आणखी काही गावांत विंधन विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात पिवळे-तपकिरी पडतात हे सर्वांना दिसते. वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यावर हाडे जाड होतात, मणक्यांतली पोकळी आवळत जाते आणि मज्जारज्जू चेपला जातो, हे उशिरा कळते. माणूस आधी ताठर होतो, मग पाय ओढत चालतो, मग अंथरुणाला खिळतो. हैदराबादचे डॉ. डी. राजा रेड्डी यांनी नलगोंडा आणि प्रकाशम जिल्ह्यांत या आजाराचा दीर्घ अभ्यास केला. ‘न्यूरॉलॉजी इंडिया’मध्ये २००९ साली त्यांचा या विषयावरचा सविस्तर लेख आहे. दगडासारख्या झालेल्या हाडातून मज्जारज्जू मोकळा करणे अवघड आणि धोक्याचे असते, हे त्या अभ्यासांतून कळते. खरा इलाज पाणी बदलणे. सर्जनच्या संस्थेच्या नियतकालिकाने जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे बोट दाखवावे, यात मला त्या व्यवसायाचा मोठेपणा दिसतो.

केईएममध्ये डॉ. गोयल यांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना पट्टी आणि स्क्रूने जखडण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीच्या हार्म्स यांनी तिच्यात फेरफार केला, आणि आज ती जगभर दोघांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईच्या महापालिकेच्या रुग्णालयातून निघालेली ही गोष्ट, म्हणून इथे नोंदवली.

आता आपल्याकडे वळू.

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत अंतर सुमारे १४० किलोमीटर, पण रुग्ण बाहेर जाण्याच्या वाटा दोन वेगळ्या दिशांना. नांदेडचे तोंड हैदराबादकडे. रेल्वेचा नांदेड विभागही दक्षिण मध्य रेल्वेत, आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे, तेलुगू कानावरची. लातूरचे तोंड पश्चिमेकडे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरहून कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे थेट मिरजेपर्यंत जात असे, आणि मिरजेचा वॉनलेस दवाखाना म्हणजे त्या काळी दुखण्याईताचा शेवटचा भरवसा. (२०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे आली तीही मिरजेहूनच. लातूरचे आणि मिरजेचे नाते असे औषधपाण्याचे आहे.) पुढे सोलापूर, मग पुणे. मेंदूचा रुग्ण या दोन्ही वाटांवर तासन्‌तास प्रवास करी.

वैद्यकीय सोयी इथे टप्प्याटप्प्याने आल्या. लातूरमध्ये १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय काढले. १९७४ मध्ये अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. नांदेडला १९८८ साली सरकारी महाविद्यालय सुरू झाले. आज ते विष्णुपुरीला आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाणांचे नाव लावते. लातूरला १९९० मध्ये खासगी आणि २००२ मध्ये सरकारी महाविद्यालय निघाले. पंतप्रधान स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात अतिविशेषोपचार रुग्णालयासाठी निवडलेल्या महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत औरंगाबाद, अकोला, यवतमाळबरोबर लातूर आहे. स्कॅनची यंत्रे आली, अतिदक्षता विभाग आले, आणि त्यांच्या मागोमाग खासगी न्यूरोसर्जनही आले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने चालू राहिलेल्या या योजनेत मेंदूच्या आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया आहेत. शेत विकून हैदराबाद गाठणाऱ्या कुटुंबांना यामुळे काय मिळाले हे त्यांनाच विचारावे.

मधे एक काळी तारीख येते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, किल्लारीचा भूकंप. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचे जड छप्पर झोपेतल्या माणसांवर कोसळले. हजारो गेले. जे जिवंत निघाले त्यांना ढिगाऱ्यातून ओढून काढणाऱ्यांत बहुतेक गावकरीच होते. मान आणि पाठ हलू न देता माणूस कसा उचलायचा, फळी किंवा दार खाली कसे सरकवायचे, हे त्यांना कोणी कधी शिकवलेले नव्हते. चूक त्यांची नव्हती. ज्यांना हे ठाऊक होते ते मोठ्या शहरांत होते, आणि त्यांचे ज्ञान सास्तूर-किल्लारीच्या वाटेला आलेले नव्हते. भूकंप काही रोज होत नाही. पण उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला मोटारसायकलवाला रोज येतो. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे दिवा तर सोडाच, लाल पट्टीही नसते. आणि हेल्मेट? मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात ते १९८८ पासून आहे. आपल्या रस्त्यांवर ते आरशाला टांगलेले दिसते.

डोक्याला मार लागलेल्या माणसाचे भवितव्य बहुधा न्यूरोसर्जनच्या टेबलावर पोचण्याआधीच ठरते, हे या शाखेने गेल्या पन्नास वर्षांत शिकलेले सर्वांत मोठे सत्य आहे. पहिल्या आघाताने जे बिघडले ते बिघडले. त्यानंतर प्राणवायू कमी पडला, रक्तदाब घसरला, की वाचलेला मेंदूही मरू लागतो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचणारा रुग्ण तर फसवतो. पडतो, उठतो, बोलतो, चहासुद्धा पितो. दोन तासांनी एक बाहुली मोठी होते आणि माणूस कोसळतो. वेळेत रक्त काढले तर हा माणूस पुन्हा शेतावर जातो; उशीर झाला तर जातो तो परत येत नाही. म्हणून मुखेडच्या किंवा उदगीरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने पहिल्या अर्ध्या तासात काय केले याला निर्णायक महत्त्व आहे. श्वास मोकळा केला का, मान बांधली का, शुद्धीची पातळी ग्लासगो श्रेणीत, म्हणजे ३ ते १५ मध्ये, कागदावर वेळेसह लिहिली का, पुढच्या दवाखान्याला फोन केला का. ही श्रेणी १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी दिली. तिला ना यंत्र लागते ना वीज. तरीही आपल्याकडे बऱ्याच चिठ्ठ्यांवर एवढेच असते: ‘पेशंट बेशुद्ध, पुढील उपचारासाठी रवाना.’ ‘पुढं न्या’ या दोन शब्दांवर रुग्ण सोडला जातो. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण मिळाले. गाडी धावते, चिठ्ठी मात्र अजून कोरीच असते.

इथे राष्ट्रीय संस्थेची खरी परीक्षा आहे, आणि इथेच तिच्यावर टीकाही करायला हवी. मोठ्या महाविद्यालयातला न्यूरोसर्जन एकटा नसतो. शेजारच्या खोलीत दुसरा असतो, सकाळच्या बैठकीत प्राध्यापक विचारतात, मृत्यू झाला तर महिन्याच्या शेवटी त्याची चर्चा होते. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला एकटा असतो. रात्री अडीचला स्कॅन समोर धरून उघडायचे की थांबायचे हे तो एकट्याने ठरवतो. भूलतज्ज्ञ त्यानेच उठवून आणायचा, रक्तपेढीला फोन त्यानेच करायचा, आणि बाहेर उभ्या असलेल्या पन्नास माणसांना त्यानेच सांगायचे. त्याच्या निर्णयाची उलटतपासणी करणारे, आणि निर्णय बरोबर असेल तर पाठीशी उभे राहणारे, दुसरे कोणी गावात नाही. सोसायटी हीच त्याच्या शेजारची खोली. तिचे एकमत हाताशी असले की तो नातेवाइकांना ठामपणे सांगू शकतो की ही शस्त्रक्रिया करू नये, आणि नको त्या शस्त्रक्रियेचा मोहही टाळू शकतो. मणक्यातली गादी सरकलेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, हे गावात एकट्याने म्हणणे सोपे नसते.

मेंदूमृत्यूचे उदाहरण तर याहून नाजूक. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू जाहीर करायचा तर चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि त्यात न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन हवा. दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर. २०११ च्या दुरुस्तीने न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन उपलब्ध नसेल तेव्हा इतर तज्ज्ञांना मुभा दिली, ती आपल्यासारख्या भागांना उपयोगी. श्वास यंत्रावर चाललेला, छातीला हात लावला तर ऊब लागणारा मुलगा गेला आहे, हे बापाला सांगायचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्याला आपल्या शाखेच्या लिखित निकषांचा आधार नसेल तर त्याने बोलावे कशाच्या बळावर?

टीका अशी, की सोसायटीची अधिवेशने मोठ्या शहरांच्या मोठ्या सभागृहांत होतात; दुर्मीळ गाठींच्या चित्रफिती रंगतात, पारितोषिके वाटली जातात. दुर्बिणीतून कवटीच्या तळाशी पोचण्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु देशातल्या बहुतेक न्यूरोसर्जननी रोज रात्री हाताळायचा आजार डोक्याला लागलेला मार हा आहे, आणि तो दुय्यम सभागृहात जातो. शाखा वाढली तशी उपशाखांची वेगळी मंडळे निघाली: मज्जाघातांची, मुलांच्या न्यूरोसर्जरीची, मणक्याची, कवटीच्या तळाची. फिजिशियन मंडळींनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी काढली. वाढीत हे व्हायचेच. मात्र १९५१ साली चौघे एका टेबलाशी बसले होते, ते टेबल आता बरेच लांबले आहे, आणि त्याच्या टोकाला बसलेल्या जिल्ह्याच्या डॉक्टरला समोरचे बोलणे नीट ऐकू येत नाही.

लातूर आणि नांदेडच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जो ‘लातूर पॅटर्न’ रुजला, त्याने मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना वैद्यकीय प्रवेशाचे दार उघडले. वाघमारे सर पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आता नीटच्या शिकवण्यांसाठी दोन्ही शहरांत राज्यभरातून मुले येतात. डॉक्टर घडवण्याच्या वाटेवरचा पहिला टप्पा आपण उत्तम जमवला आहे. न्यूरोसर्जन व्हायचे तर त्यानंतर साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस., तीन वर्षे एम.एस. आणि आणखी तीन वर्षे एम.सीएच. इतके शिकून मुलगा पुण्या-मुंबईतच राहिला तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चोवीस तास स्कॅन, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, प्रशिक्षित परिचारिका आणि रात्री सल्ला विचारायला एखादा सहकारी, हे असेल तर तो येईल. यातल्या पहिल्या चार गोष्टी सरकारने आणि संस्थाचालकांनी द्यायच्या. पाचवी सोसायटी देऊ शकते.

पंचाहत्तर वर्षांच्या निमित्ताने म्हणूनच तिच्याकडे एक मागणे आहे. दिमाखदार अधिवेशन नांदेडला भरवा, असे आम्ही म्हणत नाही. तेवढी हॉटेले इथे नाहीत. वर्षातून दोन दिवस तुमचे चार ज्येष्ठ शिक्षक अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या महाविद्यालयात पाठवा. समोर न्यूरोसर्जन नकोत. तालुक्याच्या रुग्णालयांतले वैद्यकीय अधिकारी, सर्वसाधारण सर्जन, भूलतज्ज्ञ, १०८ वरचे डॉक्टर आणि अपघात विभागातल्या परिचारिका बसवा. ग्लासगो श्रेणी, श्वासमार्ग, मान बांधणे, पाठवणीची चिठ्ठी, आणि जिवावर बेतले तर सर्वसाधारण सर्जनने कवटीला छिद्र कसे आणि कुठे पाडायचे, एवढेच शिकवा. दोन्ही जिल्ह्यांच्या डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या, डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाची एक साधी नोंदवही ठेवावी: वेळ, श्रेणी, कुठून आला, कुठे पाठवला, काय झाले. ती नोंदवही वर्षाअखेरीस सोसायटीच्या अधिवेशनात मराठवाड्यातल्याच एखाद्या तरुण डॉक्टरने मांडावी. खर्च फारसा नाही. हे या वर्षीच सुरू करता येईल.